सीलबंद बॉक्स आणि गायब झालेला पहिला भाग

58 डॉलर गेले त्याचं एवढं काही नाही. पण दिवाळीत अख्ख्या घरादेखत धाकट्या भावानं डिस्क हातात घेतली, उजेडाकडे तिरकी धरली आणि म्हणाला, "दादा, अमेरिकेतनं पायरेटेड आणलास व्हय?" ते काही डोक्यातून जात नाही. जुन्या डीव्हीडी ऑनलाइन मागवणारे आपल्यात अजून बरेच आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी न्यू जर्सीत, भाऊ सांगलीत. आम्ही दोघं 'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका केबलवर बघत मोठे झालो. निम्मे विनोद डोक्यावरून जायचे, तरी बघायचो. 1996 च्या नोव्हेंबरात मायकल जॅक्सन मुंबईत अंधेरीला गाऊन गेला आणि भावाला त्याचं वेड लागलं. या मालिकेच्या एका भागात मायकलचा आवाज आहे हे कळल्यावर तर विचारूच नका. तिसऱ्या सिझनचा तो पहिला भाग, 1991 चा. मालिकेतल्या कुटुंबाचा बाप होमर गुलाबी शर्ट घालून कामावर जातो, म्हणून त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. तिथं त्याला एक धिप्पाड माणूस भेटतो, जो स्वतःला मायकल जॅक्सन समजत असतो. बोलण्याचा आवाज खुद्द मायकलचा, पण श्रेयनामावलीत नाव जॉन जे स्मिथ. गाण्याचा आवाज मात्र दुसऱ्याच गायकाचा होता. हे कळल्यावर भाऊ दोन दिवस नाराज होता.

हा भाग आता सहज बघायला मिळत नाही. मायकलवर आरोप करणारा माहितीपट आल्यावर मार्च 2019 मध्ये निर्मात्यांनी तो भाग मागे घेतला. त्यामुळे स्ट्रीमिंगवर तिसरा सिझन थेट दुसऱ्या भागापासून सुरू होतो. त्यांनी केलं ते बरोबर की चूक, यावर आमच्या घरी दोन तट आहेत, तो विषय इथं नको. मुद्दा असा की तो भाग हवा असेल तर ऑगस्ट 2003 मध्ये अमेरिकेत निघालेला डीव्हीडीचा जुना संच शोधायचा. चार डिस्क, 24 भाग, आणि प्रत्येक भागावर लेखक-दिग्दर्शकांच्या गप्पांचा वेगळा ऑडिओ ट्रॅक. 2022 च्या दिवाळीला भावाला हीच भेट द्यायची, असं मी ऑगस्टमध्येच ठरवलं.

एका मोठ्या ऑनलाइन बाजारात शोधलं. वापरलेले संच स्वस्त होते, पण कुणाच्या बॉक्सचा कोपरा फाटलेला, कुणाच्या डिस्कवर चरे. भेट द्यायची म्हणजे नवीकोरी हवी, हा आपला मराठी हट्ट. एका विक्रेत्याकडे 'नवीन, कारखान्यात सील केलेला, सर्व रीजनमध्ये चालणारा' संच होता. फोटो झकास. विक्रेत्याला शेकड्यांनी चांगले अभिप्राय. मी विचारलंसुद्धा, ओरिजिनल आहे ना? पाच मिनिटांत उत्तर: शंभर टक्के. 'सर्व रीजन' वाचून मला उलट बरंच वाटलं. डीव्हीडीसाठी कंपन्यांनी जगाचे विभाग पाडलेत, तेच रीजन; एका रीजनची डिस्क दुसऱ्या रीजनच्या प्लेअरवर चालत नाही. अमेरिकेतल्या डीव्हीडीवर रीजन 1 चं कुलूप असतं आणि भारत येतो रीजन 5 मध्ये. म्हटलं, वा, भावाच्या प्लेअरवर चालेल.

पार्सल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. प्लास्टिकचं आवरण घट्ट, चकचकीत. छपाई जरा फिकी वाटली खरी. पण या मालिकेच्या पॅकिंगचा इतिहासच विचित्र आहे. सहावा सिझन कंपनीनं होमरच्या डोक्याच्या आकाराच्या प्लास्टिकच्या डब्यात काढला होता, आणि लोकांनी बोंब मारल्यावर साधा बॉक्स देऊ केला होता. तेव्हा असेल एखादी वेगळी आवृत्ती, असं मी मनाचं समाधान केलं. बायको म्हणाली, "एकदा उघडून बघ तरी." मी म्हटलं, "अगं, सील फोडलं की भेटीची मजा गेली." आणि बॉक्स तसाच कपाटात ठेवला.

परत करायची मुदत 30 दिवसांची होती. ती कपाटातच संपली.

सांगलीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री भावानं आवरण फाडलं. इथं सांगायला हवं की 2000 नंतरची सात-आठ वर्षं त्यानं बसस्टँडजवळ सीडी-डीव्हीडीची लायब्ररी चालवली आहे. खरा माल आणि खोटा माल दोन्ही त्याच्या हाताखालून गेलेत. ते पायरेटेडचं वाक्य बोलून झाल्यावर त्यानं मोबाइलचा टॉर्च लावला आणि डिस्कच्या भोकाभोवतालचं आतलं कडं मला दाखवलं. खऱ्या कंपनीच्या डिस्कवर तिथं 'आयएफपीआय' (ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) अशी बारीक अक्षरं आणि पुढे एक कोड कोरलेला असतो. डिस्क कुठल्या कारखान्यात साच्यात दाबून काढली हे त्यावरून कळतं. आमच्या डिस्कवर ते कडं कोरं करकरीत.

मी तरी वाद घातला. खालची बाजू चंदेरी आहे की! घरी बर्न केलेली डिस्क जांभळट दिसते, एवढं मलाही माहीत होतं. भाऊ म्हणाला, "चंदेरीचं काय घेऊन बसलास? मशीनवर दाबून चोरीचा माल काढणारे काय कमी आहेत व्हय?" मग त्यानं डिस्क लॅपटॉपमध्ये घातली. सगळा मजकूर साडेचार जीबीच्या आत. सहा-सहा भाग, त्यावर जादा ऑडिओ, एवढं सगळं नीट बसवायला कंपन्या दोन थरांची डिस्क वापरतात, तिच्यात साडेआठ जीबी मावतात. आमचा माल एकाच थरात कोंबलेला. गप्पांचा ट्रॅक तर मेनूतच नव्हता.

शेवटी त्याच्या जुन्या प्लेअरमध्ये लावली. चालली! मी सुटकेचा श्वास सोडला, आणि हा हसायला लागला. "दादा, ही इथं चालायलाच नको होती. चालली हीच गडबड आहे."

मेनूत 'भाग 1' लिहिलं होतं. दाबल्यावर सुरू झाला तो दुसरा भाग, होमरची मुलगी लिसा वॉशिंग्टनला जाते तो. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो भागच गायब, म्हणजे हा माल स्ट्रीमिंगवरून उचललेला. चित्रही पडदाभर रुंद. हे भाग जुन्या चौकोनी टीव्हीसाठी काढलेले होते. नोव्हेंबर 2019 मध्ये ते स्ट्रीमिंगवर आले तेव्हा रुंद पडद्यात बसवायला वरखाली कापले होते. एका भागात मालिकेतल्या डफ नावाच्या बिअरचे तीन प्रकार वरच्या एकाच पाइपातून येतात, हा सगळा विनोदच त्या कापाकापीत उडाला. लोकांनी ओरड केल्यावर मे 2020 मध्ये मूळ आकाराचा पर्याय मिळाला. आमच्या चोरानं कापलेलीच प्रत उचललेली. होमरच्या बायकोचे, मार्जचे, उंच निळे केस वरून छाटलेले. भाऊबीजेला आलेली आमची ताई म्हणाली, "हिला न्हाव्याकडं कुणी नेलं?"

त्याच रात्री विक्रेत्याला लिहिलं. इतका गोड माणूस मी पाहिला नाही. आधी 'प्रिय मित्रा', मग माफी, मग 8 डॉलर घ्या आणि डिस्क ठेवा. मी नाही म्हटल्यावर पूर्ण पैसे देतो म्हणाला. फक्त गोदामाकडून खात्री करून घेतो, चार दिवस द्या. चार दिवसांनी सुट्टी. मग हिशेबनीस आजारी. मग 'सोमवारी नक्की'. मीही भला माणूस, रोज सोमवारची वाट बघत बसलो. एखादा तुसडा, उर्मट विक्रेता असता तर मी दुसऱ्याच दिवशी कार्डाच्या बँकेकडे गेलो असतो. अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या बिलावर लेखी हरकत घ्यायला कायद्यानं 60 दिवस मिळतात, ती रक्कम ज्या बिलात पहिल्यांदा आली ते बिल पाठवल्यापासून. माझं ते बिल सप्टेंबरच्या मध्याचं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात विक्रेत्याची उत्तरं अचानक बंद झाली आणि मी बँकेला फोन केला. पलीकडच्या बाईंनी अत्यंत सभ्यपणे तारखा वाचून दाखवल्या. आजारी हिशेबनीस, सुट्टी, गोदाम यांचा हिशेब तेव्हा लागला.

त्या जाहिरातीकडे नंतर शांतपणे पाहिलं. फोटोत बॉक्स होता, पण एकाही डिस्कचा फोटो नव्हता. अभिप्राय मिळालेले सगळे मोबाइलच्या कव्हरसाठी आणि चार्जरसाठी. आणि ते 'सर्व रीजन'! 2003 चा खरा अमेरिकन संच सर्व रीजनचा असूच शकत नाही, म्हणजे मालच बोलत होता की मी खोटा आहे. आता मी कुणाकडूनही घेताना आधी डिस्कच्या आतल्या कड्याचा फोटो मागतो. खरा माल असलेला माणूस जरा वैतागतो, पण पाठवतो. दोघा विक्रेत्यांनी माझ्या निरोपाला उत्तरच दिलं नाही.

खरा संच मार्चमध्ये मिळाला, आमच्याच गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, 6 डॉलरला. सील नाही, कोपरा फाटलेला, आत कुणाचं तरी पेन्सिलनं लिहिलेलं नाव. कडं तपासलं, कोड होता. पहिला भाग लावला. गुलाबी शर्ट, चौकोनी चित्र, मार्जचे केस पूर्ण. भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तर तो म्हणाला, "रीजन 1 हाय, माझ्याकडं चालायचा नाही. दिवाळीला येताना तुझा प्लेअरच घेऊन ये. व्होल्टेजचं मी बघतो."