लिज्जत उडीद पापड : चव, लाटणे आणि मालकी

पापडाचा खरा कस विस्तवावर लागतो. तळताना तेल बरेच दोष झाकून नेते; पण मंद आचेवर चिमट्याने धरलेला पापड कुठे जाड, कुठे पातळ लाटला गेला असेल, तर तो मधोमध कच्चा राहतो आणि कडेला करपतो. काळी मिरी घातलेला लिज्जतचा उडीद पापड मी गेली कितीतरी वर्षे असाच भाजून खात आलो आहे, आणि त्याचा पहिला गुण सांगायचा तर तो सगळीकडे सारखा फुलतो. आधी हिंगाचा वास येतो, मिरीचा तिखटपणा घास गिळल्यानंतर घशाशी जाणवतो आणि पापडखाराची पुसट चव जिभेवर रेंगाळते. पापड म्हटला की मीठ आलेच, त्यामुळे रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी एकावरच थांबलेले बरे.

हा सारखेपणा यंत्राचा असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेचा पापड आजही घरोघरच्या पोळपाटांवर हाताने लाटला जातो, आणि लाटणाऱ्या स्त्रियांची संख्या सुमारे ४५,००० आहे. इतक्या हातांतून एकाच जाडीचा, एकाच चवीचा पापड बाहेर पडतो, तो कसा?

याचे उत्तर निम्मे व्यवस्थेत आहे. पीठ मध्यवर्ती पातळीवर घेऊन शाखांना पुरवले जाते, म्हणजे चवीचा पाया एकच राहतो. भल्या पहाटे शाखेत पीठ मळले जाते. सकाळी भगिनी-सदस्य आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड घेऊन येतात, ते तपासून आणि वजन करून घेतले जातात, लाटण्याचा मोबदला म्हणजे ‘वणाई’ हातात पडते आणि त्या दिवसाचे मळलेले पीठ घेऊन त्या घरी परततात. ज्या घरात पापड लाटायचे तिथे स्वच्छ आणि पुरेशी जागा आहे की नाही हेही पाहिले जाते. शाखेची जबाबदारी संचालिकेकडे असते, आणि तीही या भगिनींमधलीच एक असते.

उरलेले निम्मे उत्तर मालकीत आहे, आणि माझ्या मते तेच अधिक वजनाचे आहे. मी एका कारखान्याच्या कार्मिक विभागात उभी नोकरी केली. तिथे प्रवेशद्वाराशी ‘माणूस हीच आमची संपत्ती’ असे वाक्य चौकटीत लावलेले होते, आणि त्याच दारातून आत येणाऱ्या कंत्राटी कामगारांना जेवणासाठी वेगळ्या रांगेत उभे राहावे लागत असे. त्या वाक्याची धूळ दर शनिवारी नेमाने पुसली जाई. म्हणून एखादी संस्था माणसांना किती मान देते हे तपासताना मी आता दोनच प्रश्न विचारतो : नफा कोणाच्या घरी जातो आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? लिज्जतमध्ये नफा-तोट्याच्या वाटेकरी भगिनीच असतात, आणि नफ्याचा वाटा कधी रोख तर कधी सोन्याच्या रूपात दिला गेला आहे. निर्णय सर्वसंमतीने घ्यायचा आणि एकाही भगिनीचा विरोध असेल तर तो रोखता यावा, असा संस्थेचा दंडक आहे. एकवीस जणींची व्यवस्थापन समिती याच सभासदांतून येते. पुरुष हिशेबनीस, वाहनचालक, मदतनीस म्हणून पगारावर काम करतात. सभासद होऊ शकत नाहीत.

या दंडकांची मुळे संस्थेच्या पहिल्या वर्षात सापडतात. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला घेतले. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये, आणि ते देणारे छगनलाल करमसी पारेख ऊर्फ छगनबाप्पा हे गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते होते. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. छगनबाप्पांनी दोन गोष्टींवर कटाक्ष ठेवला. एक, तोटा आला तरी देणगी स्वीकारायची नाही. दुसरी, स्वस्तातला हलका पापड काढायचा नाही. देणगी नाकारल्यामुळे हा धंदा धंदाच राहिला, गरीब बायकांना केलेली मदत झाला नाही. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी पेटवण्याची युक्ती निघाली. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न फसला. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली.

इथपर्यंत कौतुक झाले. पण कार्मिक विभागातली सवय सुटत नाही. काम किलोवर मोजले जाते, म्हणजे ज्या दिवशी हाती लाटणे नाही त्या दिवशी वणाई नाही. घरात कोणी आजारी पडले, मनगट दुखावले किंवा वय झाले, की मालकीण असूनही तिची रोजची मिळकत आटते, आणि ‘मालक’ या शब्दामुळे कामगार कायद्यांची भाषा तिला लागू करताना अडचण होते. घरातच काम असल्याने स्वयंपाक, मुले आणि पोळपाट यांच्यात दिवसाचे तुकडे पडतात ते निराळेच. मुलांसाठीच्या शिष्यवृत्त्यांसारख्या सोयी आहेत आणि त्या चांगल्या आहेत, तरी हा प्रश्न त्यांनी मिटत नाही. दुसरी बाजूही खरी आहे : शिक्षण नाही, घराबाहेर पूर्ण वेळ नोकरी करण्याची मुभा नाही, अशा कितीजणींना स्वतःच्या कमाईचा रस्ता इथेच सापडला, आणि पापड लाटण्यापासून सुरुवात करून त्या संस्थेच्या वरच्या पदांपर्यंत पोहोचल्या. कारखान्यातल्या माझ्या नोकरीत यंत्रावरून उठून संचालक मंडळात जाऊन बसलेला एकही माणूस मी पाहिला नाही.

आता खरेदीविषयी. मागे एका दुकानदाराच्या आग्रहावरून मी दुसऱ्या एका कंपनीचा यंत्रावर केलेला पापड आणला होता. आकाराने अगदी कंपास फिरवल्यासारखा गोल, दिसायला देखणा. पण भाजल्यावर त्यात पुठ्ठ्याचा ताठपणा आला आणि पाकीट शेवटी पापडाच्या चुऱ्यात संपवावे लागले. लिज्जतच्या प्रकारांत नवख्याने मिरीच्या उडीद पापडापासून सुरुवात करावी. मुगाचा पापड सौम्य आहे आणि आजारातून उठलेल्या माणसाच्या मऊ भाताबरोबर तोच जातो. पंजाबी मसाला तळूनच खावा. लसणाचा पापड खिचडीबरोबर उत्तम, मात्र ज्यांच्या घरी चातुर्मास पाळतात त्यांनी पाकिटावरचे नाव वाचून घ्यावे. पावसाळ्यात पाकीट उघडल्यावर पापड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, आणि सादळल्यासारखे वाटलेच तर तापलेल्या तव्याच्या उबेवर क्षणभर धरून मग भाजावेत.