रात्रीच्या नोंदी संध्याकाळीच भरलेल्या होत्या

अंथरुणाला खिळलेल्या आईच्या देखभालीसाठी आम्ही घरी परिचारिका पुरवणाऱ्या एका ब्यूरोची सेवा घेतली आणि तिच्यात आमची फसवणूक झाली. ज्यांच्या घरात असा माणूस नेमण्याची वेळ आली आहे, त्यांना हे प्रकार आधीच ओळखता यावेत म्हणून तो अनुभव येथे लिहीत आहे.

पक्षाघातामुळे आईची उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणे जवळजवळ थांबले होते. ब्यूरोने प्रशिक्षित परिचारिका, दिवस-रात्र देखरेख आणि पर्यवेक्षकाची नियमित भेट अशी लेखी हमी दिली. अनामत रक्कम आणि एका महिन्याचे पैसे आगाऊ घेतले. आलेल्या बाईंचे प्रमाणपत्र आम्ही मागून घेतले होते. त्यावर शिक्का होता, क्रमांक होता, फोटोही होता. पुढे शंका आल्यावर ज्या संस्थेचे ते प्रमाणपत्र होते तिथे चौकशी केली, तेव्हा तो क्रमांक त्यांच्या नोंदवहीत नसल्याचे कळले. ही चौकशी माणूस घरात येण्यापूर्वीच करावी आणि ती ब्यूरोमार्फत न करता थेट त्या संस्थेकडे करावी.

मात्र खरी फसवणूक होती ती नोंदींच्या फाइलमध्ये. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद, पाणी पाजल्याची नोंद, लघवीची नोंद, सगळे रकाने भरलेले असत आणि पर्यवेक्षकाची सही त्याखाली असे. एका संध्याकाळी मी नेहमीपेक्षा लवकर घरी आलो आणि सहज फाइल उघडली. ‘रात्री २ : डावी कूस’, ‘पहाटे ४ : उजवी कूस’, असे सकाळपर्यंतचे रकाने एकाच शाईत आणि एकाच हाताने भरून तयार होते. मागची पाने चाळली, तर ज्या दुपारी आईला तपासणीसाठी आम्हीच रुग्णालयात नेले होते, त्या दुपारीही तिची कूस घरी बदलली जात होती.

त्याच रात्री चादर बाजूला करून आईचे अंग पाहिले. माकडहाडापाशी एक लालसर चट्टा होता आणि बोटाने दाबून सोडल्यावरही तो क्षणभरसुद्धा फिका पडत नव्हता. बेडसोरची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, ही पहिली पायरी असते, आणि याच वेळी त्या जागेवरचा भार काढला तर कातडी सहसा सावरते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते का, हे हाताने पाहावे लागते. उजव्या टाचेची अवस्था त्याहून वाईट होती, कारण तिथे कातडी फाटून जखम झाली होती. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची असते, आणि रुग्णाला वर सरकवताना चादरीवरून ओढायचे नसून उचलायचे असते, हे त्या बाईंना कोणी सांगितलेलेच नव्हते. ब्यूरोचे उत्तर असे होते की हवेची गादी असल्यावर कूस बदलण्याची गरज नाही. हे धादांत खोटे आहे. त्या गादीने दाब कमी होतो, पण कूस बदलणे तरीही चुकत नाही.

आई दिवसभर गुंगीत का असते, याचाही उलगडा तेव्हाच झाला. तिच्या औषधांच्या डब्यात डॉक्टरांनी न लिहिलेल्या सर्दीच्या गोळ्या सापडल्या. रुग्ण शांत झोपावा म्हणून त्या दिल्या जात होत्या. वृद्धांनी शक्यतो टाळावयाच्या औषधांची जी यादी मार्क बीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रथम तयार केली आणि जी आता अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी वेळोवेळी सुधारते, तिच्यात सर्दीच्या अनेक गोळ्यांत असणारी क्लोरफेनिरामाइनसारखी गुंगी आणणारी अॅलर्जीची औषधे आहेत, कारण त्यांनी वृद्धांना भ्रम होऊ शकतो आणि लघवी अडू शकते. त्यातच आईला आडवे ठेवूनच भरवले जाई. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया मंदावलेली असताना गुंगीतल्या माणसाला असे भरवले, तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. आईला जेवताना येणारा खोकला हा त्याचाच इशारा होता.

त्या बाईंवर सगळा राग काढणे मला अन्यायाचे वाटते. विश्रांतीसाठी बदली माणूस न देता त्यांना दिवस-रात्र राबवले जात होते. आम्ही देत असलेल्या रकमेतला थोडाच भाग त्यांच्या हाती पडे, आणि फाइल आदल्या दिवशीच पूर्ण करण्याची सूचना पर्यवेक्षकाचीच होती, हे त्यांनी रडत सांगितले. चोवीस तास एकाच व्यक्तीच्या भरवशावर ‘अखंड देखरेख’ देऊ करणारी संस्था मुळातच खोटे बोलत असते, कारण ती व्यक्ती कधीतरी झोपणारच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या दर सहा जणांपैकी सुमारे एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची वाईट वागणूक सोसावी लागते, आणि दुर्लक्ष हाही तिचाच एक प्रकार मानला जातो. बोलता न येणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला ते आले, तर घरच्यांना कळण्याचा मार्ग त्याच्या शरीरातूनच जातो. म्हणून अंघोळीच्या वेळी घरातल्या कोणीतरी रोज हजर राहून पाठ, कंबर, टाचा आणि डोक्याची मागची बाजू स्वतः पाहावी, गोळ्या स्वतः मोजून द्याव्यात, आणि भेट देण्याची वेळ आधी कळवू नये.

आम्ही सेवा थांबवली तेव्हा ब्यूरोने पूर्वसूचनेच्या अटीवर बोट ठेवून अनामत रक्कम अडवली. ती पुढे परत मिळाली, पण केवळ भांडल्यामुळे नव्हे. फाइल ताब्यात मागितली जाण्यापूर्वीच आम्ही तिच्या प्रत्येक पानाचे आणि जखमांचे तारखेसह फोटो काढून ठेवले होते, आणि डॉक्टरांकडून जखमेचे लेखी वर्णन घेतले होते. ही कागदपत्रे जोडलेली लेखी तक्रार पोहोचताच त्यांनी पैसे परत केले. टाचेची जखम भरायला त्यानंतर कित्येक महिने लागले.