विजयनगरचं को-वर्किंग की भंवरकुव्यातली लायब्ररी?

घरून काम करणाऱ्याला घराबाहेर बसायला जागा हवी झाली, की इंदुरात सगळे आधी विजयनगरच्या को-वर्किंगचं, म्हणजे टेबल भाड्यानं देणाऱ्या सामायिक ऑफिसांचं, नाव घेतात. मी आधी विचारेन, दिवसभरात तुमचं बोलणं किती होतं? क्लायंटचे कॉल, ऑनलाइन शिकवणी, व्हिडिओ मीटिंग यांत रोज दोन-तीन तास जात असतील, तर भंवरकुवा भागातली लायब्ररी कितीही स्वस्त असली तरी तुमच्या उपयोगाची नाही. पण काम अनुवादाचं, कोडिंगचं, हिशेबाचं असेल आणि फोन क्वचितच वाजत असेल, तर को-वर्किंगमध्ये तुम्ही बरेचसे पैसे न वापरलेल्या सोयींचे भरता.

लायब्ररी म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी चालणारी अभ्यासिका. एसी, वायफाय, तीन बाजूंनी आडोसा केलेलं टेबल, प्लग आणि दिवा. भाडं शिफ्टवर असतं. पूर्ण दिवसाची राखीव सीट घेतली तरी ते को-वर्किंगपेक्षा खूपच कमी पडतं. तिथली शांतता खरी असते, कारण शेजारचा मुलगा एमपीपीएससीच्या, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या, तयारीत बुडालेला असतो. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. घरी चार तासांत होणारं काम तिथे लवकर उरकतं. पण कॉल आला की जिन्यात जावं लागतं. खुर्ची बघा, कारण ती बहुतेक ठिकाणी साधी असते आणि सहा-सात तासांनी कंबर बोलायला लागते. वायफाय पन्नास जणांत वाटलेलं असतं, म्हणून जागा बघायला सकाळी आठला न जाता भर गर्दीच्या वेळी जा आणि मोबाइलवर अपलोडचा वेग मोजा. डाउनलोडचा आकडा सगळेच दाखवतात. मोठ्या फायली पाठवणाऱ्याचं काम अडतं ते अपलोडवर.

को-वर्किंगमध्ये दोन प्रकार. हॉट डेस्क म्हणजे मोकळी दिसेल ती खुर्ची, डेडिकेटेड डेस्क म्हणजे रोजची ठरलेली जागा. मॉनिटर ठेवायचा नसेल तर हॉट डेस्क पुरतं. खरा हिशेब दिवसांचा आहे. समजा महिन्याचे 5000 सांगितले. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5900. महिन्यात 22 दिवस गेलात तर दिवसाला 268 रुपये पडतात, 12 च दिवस गेलात तर 490 च्या वर. डे-पास, म्हणजे एका दिवसापुरती सीट, 350 चा असेल तर करासकट 413. मग 14 दिवसांपर्यंत डे-पासच स्वस्त, 15 व्या दिवसापासून महिन्याची सीट. सुरुवातीच्या उत्साहात सगळे 22 दिवस धरतात. पहिला महिना डे-पासवर काढा, खरा आकडा आपोआप कळेल. मीटिंग रूमचे किती तास भाड्यात धरलेत, कॉलसाठी छोटी बंद खोली (फोन बूथ) आहे का, हेही विचारा. अमेरिकेच्या वेळेला काम करत असाल तर रात्री आणि रविवारी दार उघडं असतं का, आणि तेव्हा एसी चालू असतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

कराची बाजू लोक विसरतात. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर भाड्यावरच्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो. नसेल तर ते 900 रुपये सरळ खिशातून गेले. मध्य प्रदेशात सेवा देणाऱ्याला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, त्यामुळे एकट्यानं काम करणारे बहुतेक जण दुसऱ्या गटात येतात. आयकर जर व्यावसायिकांसाठीच्या प्रिझम्प्टिव्ह पद्धतीनं (जुन्या आयकर कायद्यातलं कलम 44एडीए), म्हणजे खर्चाचा हिशेब न मांडता, भरत असाल, तर जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते आणि जागेचं भाडं त्यातून वेगळं वजा होत नाही. तेव्हा ‘टॅक्समध्ये सुटेल’ म्हणून महागडी सीट घेऊ नका. नोंदणीसाठी धंद्याचा पत्ता हवा असेल, तर मात्र को-वर्किंगचं पारडं जड होतं. करारनामा, मालकाचं ना-हरकत पत्र आणि वीजबिलाची प्रत ते देतात का, हे पैसे भरण्याआधी पक्कं करा. लायब्ररीकडून या कागदांची अपेक्षा धरू नका.

अंतरही भाड्यातच धरा. सुदामानगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर ही आपल्या मराठी माणसांची वस्ती पश्चिमेला आणि दक्षिणेला. विजयनगर अगदी दुसऱ्या टोकाला. रोजचं पेट्रोल आणि एबी रोडवरचा वेळ महिन्याच्या भाड्यात मिळवा, मग तुलना करा. मेट्रो 31 मे 2025 ला सुरू झाली ती शहराच्या वायव्येकडच्या सुपर कॉरिडॉरवर, त्यामुळे या प्रवासाचा हिशेब तिच्यावर बांधता येत नाही. राजेंद्रनगरहून भंवरकुवा पुष्कळ जवळ आहे.

मला निवडायचं झालं, तर राजेंद्रनगरच्या कमी बोलणाऱ्या माणसाला मी लायब्ररीची राखीव सीट घ्यायला सांगेन आणि क्लायंट भेटायला येईल त्या दिवशी विजयनगरचा डे-पास. विजयनगरच्या बाजूला, पलासिया किंवा स्कीम 54 च्या जवळ राहणाऱ्या, रोज कॉलवर असणाऱ्या माणसाला सरळ हॉट डेस्क. दोघांनीही डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल आणि नोटीस किती दिवसांची, हे कागदावर लिहून घ्यावं. व्हॉट्सअॅपवरचं ‘हो हो, मिळेल’ पुरेसं नाही.