कोलाजसाठी हातकागद: सुती घ्यावा का नेपाळी लोक्ता?

मिक्स मीडिया कोलाज (कागद, रंग, कापड असं सगळं एकत्र चिकटवून केलेलं चित्र) सुरू करायचंय, हातकागद कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, तुम्ही कागद फाडणार जास्त का रंगवणार जास्त? कारण आपल्याकडे बऱ्यापैकी सहज मिळणारे कागद दोन. एक सुती, होजिअरीच्या कतरणांच्या लगद्याचा, पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेमुळे (१९४० साली सुरू झाली ती) आपल्या ओळखीचा झालेला. दुसरा नेपाळचा लोक्ता, हिमालयातल्या झुडपाच्या आतल्या सालीचा, फांद्या तोडल्या तरी ते झुडूप परत फुटतं.

रंगवणार असाल तर सरळ सुती घ्या. वॉटरकलर, शाई, ॲक्रेलिक सगळं धरतो, २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वरचा असेल तर सुईदोऱ्याने टाकेही घालता येतात, फक्त साइझिंग (पाणी-शाई लगेच मुरू नये म्हणून कागदावर केलेली प्रक्रिया) केलेलं आहे का ते दुकानात विचारा, आणि घरी आल्यावर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघा, लगेच आत गेला तर साइझिंग नाही आणि शाई फुटणार. फाडल्यावर याची कड मऊ, पिंजल्यासारखी येते, कारण बीटरमध्ये, म्हणजे लगद्याच्या यंत्रात कुटून तंतू बारीक झालेले असतात, त्यामुळे हवी तिथे वळवता येते.

लोक्ता मात्र हाताने सरळ फाटतच नाही. तंतू लांब, कागद पातळ असला तरी जाम चिवट. ओल्या ब्रशने रेघ ओढायची, पाणी मुरू द्यायचं आणि मग दोन्ही बाजूंनी हळूहळू ओढायचं, कडेला केसांसारखे तंतू सुटे राहतात आणि चिकटवले की खालच्या थरात असे मिसळून जातात की जोड शोधावा लागतो. माझा जीव आहे तो यावरच. वरून मॅट मीडियम (बिनरंगाचं, न चकाकणारं ॲक्रेलिक) फिरवलं की पातळ लोक्ता अजून पारदर्शक होतो आणि खाली लावलेलं जुनं पत्र, पावती, तिकीट त्यातून दिसायला लागतं, हे सुती कागदात होणारच नाही. पण वॉटरकलर त्यावर पसरतो, रेघ टिकत नाही. जपानी कोझो (तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद) दिसायला याहून नाजूक आणि सुंदर, पण महाग, शिकताना नको.

कागदाकडे कसं बघायचं हे शिकायचं असेल तर न्यूयॉर्कच्या ॲन रायनची कोलाज जरूर बघा. १९४८ मध्ये तिने जर्मन कलाकार कुर्त श्विटर्सची कोलाज पाहिली, तेव्हा ती साठीला आलेली, आणि १९५४ मध्ये जाईपर्यंत सुमारे ४०० कोलाज केली, बहुतेक सगळी छोटी. श्विटर्स तिकिटं, वेष्टनं, रद्दी घ्यायचा, छापलेली अक्षरं त्याच्या चित्रात बोलतात. रायनने जुनं कापड घेतलं आणि डग्लस हॉवेल या कागद-कारागिराने हाताने बनवलेले कागद घेतले आणि चित्र जवळजवळ पोतावरच उभं केलं. तुमचा कल श्विटर्सकडे असेल तर खाली जाड सुती आणि छापील तुकड्यांवर लोक्ताचा पडदा, हे जमून येतं. रायनकडे असेल तर दोन्ही कागद घ्या, रंग बाजूला ठेवा आणि नुसते तुकडे हलवत बसा, खूप शिकायला मिळतं.

आता गोंद, इथे लोक घाई करतात. फेविकॉल पक्का बसतो पण परत निघत नाही आणि लोक्तातून वर आला तर चकाकणारा डाग राहतो. गव्हाची खळ मॅट राहते, पाण्याने सोडवताही येते, पण पावसाळ्यात कसर लागायची भीती. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात ते चित्रासाठी करू नका, तांब्याने कागद कालांतराने खराब होतो. मिक्स मीडियाला ॲक्रेलिक मॅट मीडियमच घ्या, पातळ थर, आणि बेस वाकायला लागला तर मागूनही एक कागद चिकटवा म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा बसतो.

पहिल्या खरेदीला जाड पांढरा सुती दोन-तीन शीट आणि नैसर्गिक रंगाचा पातळ लोक्ता एक शीट पुरे. रंगीत शीट घेतलंत तर आधी तुकडा ओला करून पांढऱ्या टिशूवर दाबा, लाल आणि जांभळे तर नक्कीच, रंग उतरला तर त्या तुकड्यावर आधी दोन्ही बाजूंनी मीडियम लावून वाळवा आणि मगच चित्रात घ्या.