अमळनेरात बनवून घेतलेला सँड स्कूप आणि डुमसची काळी वाळू

आधीच सांगतो, स्कूप झालाय भारी, ५ पैकी ४ देतो. अर्धा मार्क वजनाचा कापला आणि अर्धा सुरतजवळच्या डुमस किनाऱ्यावरच्या चिखलाचा, त्यात बनवणाऱ्याची काही चूक नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सँड स्कूप म्हणजे भोकं पाडलेला डबा आणि त्याला दांडा. मेटल डिटेक्टर वाजला की तिथली वाळू डब्यात घ्यायची, हलवायची, वाळू गळून जाते आणि नाणं, अंगठी, बाटलीचं झाकण जे काय असेल ते आत राहतं (बहुतेक वेळा झाकणच). खान्देशात समुद्र कुठंय असं विचाराल, तर अमळनेरहून ताप्ती लाइनची गाडी पकडायची आणि सुरतला उतरायचं, तिथून डुमस जवळच. कोकणात जायचं तर सगळा दिवस रस्त्यातच जातो.

ऑनलाइन दोन प्रकार दिसतात. एक प्लास्टिकचा, हातात धरायचा. स्वस्त आहे आणि त्याचा एक फायदा कोणी सांगत नाही, तो डिटेक्टरला दिसत नाही, म्हणजे भरलेला स्कूप तसाच कॉइलसमोर (मशीनच्या खालच्या चकतीसमोर) फिरवून बघता येतं माल आत आलाय का अजून खड्ड्यातच आहे. स्टीलचा किंवा अॅल्युमिनियमचा असेल तर जवळ नेला की मशीन बोंबलणारच, मग वाळू बाजूला ओतून बघावं लागतं. पण प्लास्टिकवाला कोरड्या वाळूपुरताच, ओल्या वाळूत जोर लावला की मानेतून वाकतो. दुसरा बाहेरून येणारा लांब दांड्याचा स्टीलचा, त्याची किंमत बघून मी टॅबच बंद केला.

मग गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. कागदावरचं चित्र बघून पठ्ठ्या म्हणे, "हाई काय शे भो, भज्यासना झारा?" पण एकदा समजलं की त्यानेच चार गोष्टी सुचवल्या.

स्टील कोणतं हे नीट विचारा. रेलिंगच्या कामात २०२ ग्रेड आणि ३०४ ग्रेड दोन्ही चालतात, दिसायला सारखेच आणि लोक दुकानात चुंबक लावून बघतात त्याचा इथे काही उपयोग नाही, कारण चुंबक दोघांनाही धरत नाही. फरक खाऱ्या पाण्यात कळतो, २०२ लवकर गंजतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या. साधं लोखंड तर समुद्रासाठी घेऊच नका. भोकं पाडलेली शीट जळगावला मिळाली, तिकडे डाळ मिलच्या चाळण्यांमुळे असला माल ठेवणारे आहेत. जाडी २ मिमी घेतली, त्यापेक्षा पातळ असेल तर तोंडाची कड दगडाला लागून मुडपते. तरी तोंडाला वरून एक पट्टी मारून घेतली. जोड सगळे आर्गन वेल्डिंगचे.

आता भोकं, खरा खेळ इथेच आहे. रेडिमेडला बरेचदा १६ मिमीची असतात. आपली नाणी बघा, आत्ताचा १० रुपयाचा ठोकळा २७ मिमी, २०११ च्या सिरीजचा रुपया २२, २०१९ चा २०, जुने स्टीलचे चार आणे १९, हे सगळे अडकतात. पण स्टीलचे जुने १० पैसे १६ चेच होते, ते कडेवर आले तर गेले. पुरुषाची अंगठी थांबते, लहान पोराची थांबेलच असं नाही, म्हणून मी १२ ची घेतली. नाकातली मुरणी-फुली त्यातूनही जाते, तिच्यासाठी भोकं बारीक केली तर वाळूच गळणार नाही, ते सोडून द्यायचं.

साइज ठरवताना सगळ्यांना मोठाच डबा पाहिजे असतो. १५ सेमी व्यास आणि २५ सेमी लांबी म्हणजे जवळपास साडेचार लिटर, ओली वाळू भरली की आठ किलोच्या पुढे, वर डब्याचं आणि दांड्याचं वजन वेगळं. मी लांबी २० केली, तरी दुपारपर्यंत कंबर बोलायला लागते. दांडा पाइपचा न करता फावड्याचा बाभळीचा लावला, दोन नट-बोल्टवर, गाडीत चढताना सोडून पिशवीत टाकता येतो. दांडा फक्त मागच्या भिंतीला जोडू नका, वरच्या कडेपर्यंत एक तिरपी पट्टी आणून त्रिकोण करा, सगळा ताण त्या सांध्यावर येतो. मागे पाय ठेवायला जाड पट्टी पण पाहिजेच, ओल्या वाळूत हाताने नाही, पायाने दाबून घुसवायचा असतो.

डुमसला काय झालं, तर कोरड्या भागात दोन हिसके दिले की डबा रिकामा, मजा येते. ओहोटीला खाली गेलं की वाळूत गाळ आहे, तो १२ च्या भोकांत लोण्यासारखा बसतो. पाण्यात बुडवून गोल फिरवलं तरच सुटतो. आणि ओहोटीच्या मागे फार लांब जाऊ नका, खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक खूप मोठा असतो, पाणी परत येताना वेळ देत नाही. काळ्या वाळूत लोहकण आहेत, साधं मशीन तिथे उगाच कुरकुरतं, सेन्सिटिव्हिटी कमी करावी लागते. मी दांड्याला चुंबक बांधला होता, त्याला पाच मिनिटांत काळ्या मिशा फुटल्या. तरी उपयोग होतो, झाकणं आणि खिळे लगेच चिकटतात, फक्त स्टीलची १ आणि २ रुपयाची नाणीही चिकटतात, तेव्हा न बघता झटकू नका.

बोरीच्या कोरड्या पात्रात हा स्कूप नेऊ नका, तिथे बांधकामाची उभी चाळण आणि फावडं जास्त कामाचं. शिवाय नदीत असलं हत्यार घेऊन दिसलात तर लोकांना वाटतं हा रेती काढायला आलाय, समजावता समजावता संध्याकाळ होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावासारख्या ठिकाणी तर मशीन काढूच नका, तिथे ताम्रपाषाण काळाची वस्ती निघालीय. आणि १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट अजून लागू आहे, जमिनीत दडलेला १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवायचं असतं.

खर्च शीट, आर्गन, दांडा सगळं धरून दोन हजाराच्या आत बसला. आता मित्रासाठी दुसरा टाकलाय, त्यात तळाला १२ चीच भोकं आहेत पण मागच्या भिंतीला १६ ची घेतलीत, म्हणजे गाळाचं पाणी तरी पटकन निघेल.