इंटरनॅशनल बी-२७५: इंजिन न उतरवता जुना ट्रॅक्टर शेतात आणला, त्याचा अनुभव

जुना ट्रॅक्टर घेतलात तर इंजिन सगळ्यात शेवटी उघडा. एक उन्हाळा, एक खरीप आणि आताची रब्बीची पेरणी बी-२७५ वर काढल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे. दोन-अडीच वर्षं गोठ्याशेजारी उभा असलेला हा ट्रॅक्टर बघायला जो आला त्याने पहिलं हेच सांगितलं, "ताई, इंजिन उतरवा आणि पूर्ण काम करून घ्या." ते इंजिन आजतागायत उतरवलेलं नाही. सासवडच्या अलीकडे आमची चारेक एकर हलकी ते मध्यम जमीन आहे. निम्म्यात अंजीर-सीताफळ, उरलेल्यात वाटाणा आणि कांदा. तेवढ्याची सगळी मशागत हाच करतो.

हे मॉडेल मूळचं इंग्लंडमधलं, इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५८ मध्ये आणलेलं. महिंद्राने त्यांच्या भागीदारीत १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, १९६५ पासून बी-२७५ आपल्याकडे बनू लागला आणि १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. माझा सत्तरच्या दशकातला, जुन्या तीन अक्षरी नंबरचा आहे. चार सिलिंडर, १४४ घनइंच म्हणजे साधारण २३६० सीसी, ३५ एचपीच्या आसपास ताकद, आठ पुढचे आणि दोन रिव्हर्स गिअर. एचएमटी २५११ सुद्धा मनात होता. त्याचं दोन सिलिंडरचं झेटर इंजिन मला फार आवडतं. पण एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला, आणि ऐन पेरणीत पार्टसाठी गावोगाव फोन करत बसायची माझी तयारी नव्हती. बी-२७५ चे पार्ट तालुक्याच्या दुकानात आजही मिळतात. बेअरिंग, ऑईल सील, फॅन बेल्ट तर माप घेऊन गेलं की पुण्याच्या नाना पेठेत मिळून जातात.

उभ्या ट्रॅक्टरला बॅटरी लावून लगेच सेल्फ (स्टार्टर) मारायचा मोह होतो. आम्ही तो टाळला. आधी डिपस्टिक काढून ऑईल पाहिलं, त्याला डिझेलचा वास नव्हता. गिअरबॉक्सचं ऑईल मात्र दुधाळ झालं होतं. गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं, त्यातून पावसाचं पाणी आत गेलेलं. ते सगळं काढलं. मग चारही नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, उतरवून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरवलं. जड होतं, पण कुठे अडलं नाही. त्यानंतर स्टॉप ओढलेला ठेवून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, सेल्फवर थोडं थोडं फिरवत ऑईल प्रेशरचा काटा वर येऊ दिला. कोरड्या बेअरिंगवर इंजिन धावू नये म्हणून एवढी काळजी.

डिझेलच्या टाकीत तळाशी गाळ आणि गंज. टाकी उतरवून धुतली, दोन्ही फिल्टर नवे टाकले. मग डिझेलच्या पाईपांत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढायचं काम. लिफ्ट पंपाचा हात मारत आधी फिल्टरचा स्क्रू, मग नोझलना डिझेल देणाऱ्या पंपाचा, आणि शेवटी सेल्फ मारत नोझलच्या पाईपचे नट. बुडबुडे थांबेपर्यंत पुढच्या टप्प्यावर जायचं नाही. या इंजिनाला हीटर प्लग आहेत, पौषातल्या थंडीत ते आधी तापवावेच लागतात. पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनरचा पाईप काढून ठेवला होता आणि एक जण हातात लाकडी फळी घेऊन उभा होता. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकलेला असला तर इंजिन पळत सुटतं आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही. तेव्हा हवेचं तोंड फळीने दाबून बंद करणं हाच उपाय. फळीची गरज पडली नाही, तरी पुन्हा असं मशीन सुरू करायची वेळ आली तर मी फळी ठेवीनच.

सुरू झाला, पण पांढरा धूर आणि मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट घेत नव्हता. पिस्टनच्या रिंगा गेल्या, सिलिंडर बोअर करा, असं लगेच ऐकायला मिळालं. आमच्या गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मात्र पाना घेतला आणि चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाईपचा नट ढिला करून पाहिला. जो सिलिंडर काम करतो त्याचा नट सोडला की आवाज पडतो. तिसऱ्याचा सोडला तरी काहीच फरक पडला नाही. (हे करताना हात लांब ठेवा. प्रेशरने उडालेलं डिझेल कातडीच्या आत शिरतं आणि ती जखम फार वाईट असते.) नोझल टेस्टरवर लावल्यावर तिसरीची फवारणी होत नव्हती, नुसती धार पडत होती. चारही नोझल नव्या बसवल्या, पंप टेस्ट बेंचवर लावून घेतला. धूर गेला. सगळ्या कामात जास्त पैसे इथेच लागले, तरी पूर्ण इंजिन कामापेक्षा फारच कमी. निळा धूर सतत येत असता, ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) वाफ मारत असती, तर मीही इंजिन उघडलं असतं. तशी काही खूण नव्हती.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, पाने इंची घ्या. या मशीनचे बहुतेक नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. पाऊण इंचाला १९ चा पाना चालतो. पण ९/१६ ला १४ चा बसत नाही आणि १५ चा घसरतो. आधीच्या लोकांनी १५ ने कितीतरी नट गोल करून ठेवले होते. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी चांगल्या जुन्या इंची पान्यांचा सेट मिळाला.

पाण्याच्या बाजूला रेडिएटर उतरवून साफ केला. आमच्या बोअरवेलचं पाणी जड, त्यामुळे आत क्षार साचलेले. आता कूलंटच वापरते. थर्मोस्टॅट कोणीतरी काढून टाकलेला होता. "आपल्याकडे गरम हवा, कशाला पाहिजे" हा समज सगळीकडे आहे. पण थंड इंजिन डिझेल जास्त खातं आणि लवकर झिजतं. नवा थर्मोस्टॅट टाकल्यापासून सकाळचा धूर लवकर निवळतो. एअर क्लीनर ऑईलचा आहे. मातीत काम असेल तर त्याची वाटी रोज उघडून पाहते. खुणेच्या वर ऑईल भरायचं नाही, इंजिन ते ओढून घेतं.

आता कामाबद्दल. पाळी घालताना, सरी पाडताना आणि अंजिराच्या ओळींत फण मारताना हा ट्रॅक्टर मन लावून काम करतो. नांगरटीला ताशी चारेक लिटर डिझेल लागतं, पाळीला तीनच्या आसपास. मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरल्यावर घसरणं खूप कमी झालं. रोटाव्हेटर मी लहानच लावते. माझ्या मशीनला सिंगल क्लच आहे, क्लच दाबला की पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) सुद्धा थांबतो, त्यामुळे कडक जमिनीत गिअर आधीच विचार करून टाकावा लागतो. भाड्याने दिवसभर रोटाव्हेटर मारायचा धंदा करायचा असेल, तर हा ट्रॅक्टर घेऊ नका. स्वतःच्या चार-पाच एकरांसाठी, आणि मशीनजवळ बसायची आवड असेल तर, मी डोळे झाकून घ्या म्हणेन.

सुरक्षेच्या बाबतीत तो जुन्या काळचाच आहे. गिअरमध्ये असतानाही सेल्फ लागतो, म्हणून सीटवर बसल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही, हा घरात सगळ्यांना नियम आहे. पीटीओ शाफ्टला कव्हर नव्हतं, ते पहिल्या आठवड्यात बसवलं. दोन मागच्या चाकांना वेगवेगळे ब्रेक पेडल आहेत, रस्त्यावर ते जोडूनच चालवायचे. भरलेली ट्रॉली घेऊन दिवे घाट उतरायला मी याला कधीही नेणार नाही. मार्केट यार्डाला माल टेम्पोनेच जातो.

कागद मात्र पैसे देण्याआधी बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, त्याला फॉर्म २५. नाव बदलायला २९ आणि ३०. ट्रॅक्टर दुसऱ्या आरटीओचा असेल तर तिथली एनओसी. चेसिस नंबरवर रंगाचे थर असतील तर घासून तो आरसी बुकाशी जुळवा. हे मी विकणाऱ्यासमोरच केलं, त्यामुळे पुढचं काम सुरळीत झालं.

राहिलेली कामं म्हणजे स्टिअरिंग बॉक्सचा प्ले, पुढच्या स्पिंडलचे बुश आणि डायनामो, जो दिवे लावले की चार्जिंग पुरं करत नाही. रंगाला अजून हात लावलेला नाही. बुश बदलून झाले की मूळचा लाल रंग द्यायचा आहे. कांदा निघाला की स्टिअरिंग उतरवायचं असं मिस्त्रींशी ठरलं आहे, बॉक्सची बेअरिंग आणून ठेवली आहेत.