झेडएक्स स्पेक्ट्रम 48के: आठ महिने खऱ्या कॅसेटवर

1982 चा रबरी कळांचा झेडएक्स स्पेक्ट्रम (सिंक्लेअर कंपनीचा, टीव्हीला जोडायचा घरगुती संगणक; 48के म्हणजे 48 किलोबाइट मेमरी), साधा मोनो कॅसेट डेक आणि मूळ कॅसेटवरचे गेम, असा आठ महिने जवळपास रोजचा वापर झाला. मशीन आजही मनापासून खेळण्याजोगं आहे. त्रास होतो तो गेमचा नाही. बहुतेक वेळा वीज, मेंब्रेन (कळांखालचा, दाब ओळखणारा पातळ प्लॅस्टिकचा थर) नाहीतर डेकमधलं टेप वाचणारं हेड यांतच दुखणं असतं.

आधी अडॅप्टर. 9 व्होल्ट डीसी, 1.4 अँपियर, आणि पिनचा मधला भाग ऋण. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये तो धन असतो, त्यामुळे मल्टिमीटरने तपासल्याशिवाय पिन खुपसूच नका. खालच्या 16के मेमरीतल्या आठ 4116 चिपना +5, +12 आणि −5 असे तिन्ही व्होल्टेज लागतात. −5 गेला की चिप खराब व्हायला वेळ लागत नाही. आलेली वीज 5 व्होल्टवर आणणारा 7805 रेग्युलेटर फार तापतो; त्याच पिनांचा स्विचिंग प्रकारचा बसवल्यावर तासाभराच्या खेळानंतरही केस कोमटच राहते.

एखादी ओळच्या ओळ कळा चालत नसतील तर मेंब्रेनची शेपटी कनेक्टरजवळ तडकलेली असते. नवीन मेंब्रेन घ्या. वरचा पत्रा दुहेरी चिकटपट्टीने बसवलेला असतो. हेअर ड्रायरने ऊब देत, कडेपासून हळूहळू सोडवा. घाई केली की पत्रा वाकतो आणि मग कधीच सपाट बसत नाही.

आता लोडिंग. ‘J’ ची कळ दाबली की LOAD येतं, मग सिम्बॉल शिफ्ट धरून ‘P’ दोनदा, एंटर, आणि टेप सुरू. बॉर्डरवर (पडद्याच्या कडेच्या पट्टीवर) लाल-आकाशी पट्टे स्थिर दिसले की सिग्नल ठीक. निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे डेटा येतोय. पट्टे थरथरत असतील किंवा ‘आर टेप लोडिंग एरर’ येत असेल तर आधी डेकचा आवाज पाऊणपर्यंत आणा, हेड स्पिरिटने पुसा, आणि तरीही जमलं नाही तरच हेडशेजारचा, त्याचा कोन बदलणारा छोटा स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याहून कमी, फिरवा. आवाज सर्वांत कर्कश होतो ती जागा बरोबर. अख्खा 48के गेम यायला पाचेक मिनिटं लागतात. त्यात चित्र भरताना बघावं: पडद्याचे तीन भाग, प्रत्येकात ओळी सोडून सोडून, आधी काळं-पांढरं, आणि शेवटच्या 768 बाइटमध्ये रंग भरभर ओतले जातात. इम्युलेटरवर (आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) झटपट लोड केलं की ही मजाच जाते.

गेममध्ये ‘मॅनिक मायनर’ (1983, मॅथ्यू स्मिथ) अजून अव्वल. 20 गुहा. उडी घेतल्यावर हवेत दिशा बदलत नाही, आणि शत्रू दरवेळी ठरलेल्याच मार्गाने फिरतात. त्यामुळे चूक झाली तर ती आपलीच असते. पहिल्याच गुहेत पाय ठेवला की झिजत जाणारी जमीन आहे, तिथे थबकू नका. ‘जेट सेट विली’ घेताना पेटीत रंगीत सांकेतिक कार्ड आहे का ते आधी विचारा, नाहीतर लोड होऊनही सुरू होत नाही. मूळ आवृत्तीत माळ्यावर (द अ‍ॅटिक) गेलात की पुढे दुसऱ्या खोल्या बिघडतात. म्हणून दुरुस्तीचे पोक (मेमरीतली मूल्यं बदलणाऱ्या आज्ञा) टाकूनच खेळा. ‘नाइट लोर’ (1984) एकाच रंगात आहे, कारण 8×8 पिक्सेलच्या चौकोनात दोनच रंग बसतात आणि तिरक्या दृश्यात ते एकमेकांवर सांडले असते. खोलीत ठोकळे वाढले की खेळ मंदावतो, 3.5 मेगाहर्ट्झच्या झेड80 प्रोसेसरला तेवढं रेखाटायला वेळ लागतो.

पडद्यासाठी आरएफऐवजी (टीव्हीच्या अँटेनाच्या जोडणीऐवजी) कंपोझिट, म्हणजे थेट व्हिडिओची जोडणी करून घ्या, अक्षरं खूपच स्वच्छ दिसतात. भारतात 1986 च्या सुमारास डेसिबेल्स कंपनीने परवान्यावर आणलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ मिळाला तर कळा टाइप करायला बऱ्या आहेत, पण मेंब्रेन वेगळं असतं. मागवताना ‘प्लस’चंच मागा.